मागच्या भिंतीवरचा दिवा

ममताचा फोन आला तेव्हा ॲना कोलंबी सोलत होती. हात ओले होते, म्हणून तिच्या मुलीनं, लॉरानं, फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"ॲना, घरातच आहेस ना? आत्ताच्या आत्ता वर जा आणि जिन्यातल्या खिडकीतून बघ. माझ्याकडचा मागचा दिवा लागलाय."

"कुठला दिवा?"

"अगं, तो सेन्सरवाला. समोर माणूस आला की लागतो तो. इथं मोबाइलवर आलंय माझ्या, मागच्या दारी हालचाल म्हणून. जा ना, लवकर!"

ॲना हात न पुसताच जिना चढली. दोन्ही व्हिलांमध्ये एकच भिंत होती आणि जिन्यातल्या त्या अरुंद खिडकीतून ममताचं मागचं अंगण सबंध दिसत असे. मगरिबची, सूर्यास्ताची अजान नुकतीच संपली होती. आकाशात अजून तांबूस उजेड होता, पण अंगणात अंधारून आलं होतं आणि त्या अंधारात मागच्या भिंतीवरचा तो पांढराफेक दिवा डोळ्यांत खुपेल असा जळत होता. कढीपत्त्याची कुंडी, मनी प्लांटवर बांधलेली हिरवी जाळी, स्वयंपाकघराचं बंद दार, बाजूच्या बोळात उघडणारं लोखंडी फाटक, तेही बंद. माणूस म्हणून कुणी नव्हतं. ॲना बघत राहिली. थोड्या वेळानं दिवा आपोआप विझला.

"कुणी नाही गं," ती खाली येऊन म्हणाली. "मांजर असेल."

"मांजर रोज त्याच वेळेला येतं का? मी आठवडाभर बोलले नाही तुला. म्हटलं, माझाच संशयी स्वभाव. पण रोज, ॲना. सूर्य बुडाला की थोड्याच वेळात. चोर असा घड्याळ लावून येत नाही. हे कुणीतरी रोजचं, माहितीतलं आहे."

नाशिकला ममताच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती आणि तिचा नवरा रामेश्वर जुलैतच गेले होते. ऑगस्टमध्ये शारजातलं हे कंपाउंड असंही अर्धं रिकामंच असे. शाळांना सुट्ट्या, बाहेर उभं राहवणार नाही असं ऊन. ज्याला जमेल तो गावी जाई आणि जो मागे राही त्याच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या जमा होत. यंदा मागे राहणारी ॲना होती. दुबईतल्या ऊद मेथा भागात ज्या शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये ती काम करी ती बंद होती, पण तिच्या नवऱ्याला, हेन्रीला, त्याच्या हॉटेलनं रजा दिली नव्हती आणि त्याला एकट्याला ठेवून वसईला जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

किल्ल्या सांभाळायच्या म्हणजे दर दोन-चार दिवसांनी दार उघडायचं, नळ थोडे सोडायचे आणि एसी चालतोय की नाही ते पाहायचं. रिकाम्या घरात एसी कशाला, असं इथं नवीन आलेल्यालाच वाटतं. पहिल्या उन्हाळ्यात तो सगळं बंद करून गावी जातो आणि परत येतो तेव्हा चपलांपासून पैठणीपर्यंत सगळ्यांवर बुरशीची लव आलेली असते. दुसऱ्या वर्षापासून तोही शहाणा होतो आणि एसीला टायमर लावून जातो.

दिव्याची गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. पलीकडच्या गल्लीत एक बंद व्हिला फुटली. चोर मागच्या भिंतीवरून आले आणि सामान घेऊन गेले. तेव्हापासून ममताची झोप उडाली होती. रामेश्वर कॅमेरा लावणार होता, पण घरमालकाचा मॅनेजर यहया नको म्हणाला. शेजारच्यांची अंगणं दिसतात, भानगड नको. मग फेब्रुवारीत रामेश्वरनं हा दिवा आणला. "तीनशे दिरहम! म्हणजे सात हजार रुपये फक्त दिव्याला," असं तो लावताना स्टुलावरूनच ओरडून सांगत होता. खाली स्टूल धरून उभा असलेला हेन्री म्हणाला होता, "सात हजारात वसईत आख्खा माणूस ठेवला असता की राखणीला. वर तो शिट्टीपण वाजवतो." दिवा लागला तसा रामेश्वर त्याच्यासमोर हात हलवत नाचला. जितक्यांदा नाचला तितक्यांदा दिवा लागला.

"फाटकाची किल्ली अजून कुणाकडं आहे?" ममता फोनवर विचारत होती. "तुझ्याकडं आणि दौलतकडं. दोघंच ना?"

"दौलत सकाळी झाडांना पाणी घालतो तुझ्या."

"सकाळी ना? संध्याकाळी काय काम आहे त्याचं तिथं? मी उद्या यहयाला फोन करते."

ॲनानं नळ बंद केला. यहयाला फोन म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं आणि ममतालाही ठाऊक होतं. दौलत कंपाउंडचा वॉचमन, इथल्या भाषेत नातूर, आणि नातूर घरमालकाच्या व्हिसावर असतो. एका भाडेकरूनं तक्रार केली की यहया चौकशी वगैरे करत बसत नसे. आधीचा नातूर कुणाच्या तरी अंगणातला नळ वापरताना सापडला आणि त्याच आठवड्यात गेला.

"ममता, तो घरी पाठवेल त्याला."

"मग पाठवू दे ना! माझ्या घरात शिरतोय माणूस, आणि तू त्याची काळजी करतेस?"

"शिरतोय हे अजून कुठं ठरलंय? रविवारपर्यंत थांब. मी बघते."

ममता निराळ्याच आवाजात म्हणाली, "ॲना, रागवू नकोस हं. लॉरा तर जात नाही ना तिकडं? मैत्रिणी-बित्रिणी घेऊन? किल्ली घरातच असते म्हणून विचारलं."

लॉरानं मोबाइलवरून मान वर केली. "आंटी, आय ॲम राइट हिअर. अँड नो."

"अय्या, स्पीकरवर आहे होय," ममता म्हणाली आणि हसली. पण ॲनाला ते हसणं काही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत कंपाउंडच्या मुख्य फाटकाशी झाडत होता तेव्हा ॲना मुद्दाम कचऱ्याची पिशवी घेऊन गेली. दौलत खेडकडचा. आधी बिल्डिंगच्या साइटवर होता आणि मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात एका खोलीत बाकीच्यांबरोबर दाटीनं राहायचा. इथं त्याला फाटकालगत स्वतःची खोली मिळाली होती. ती मिळाली त्या दिवशी त्यानं कंपाउंडमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते.

"दौलत, ममतामॅडमकडं पाणी कधी घालतोस?"

"सकाळचाच, मॅडम. ऊन चढायच्या आत."

"संध्याकाळी जातोस का मागच्या बाजूला?"

झाडू क्षणभर थांबला. "संध्याकाळी? नाय मॅडम. संध्याकाळचा काय काम?"

"सहज विचारलं. कुणी दिसतं का तिकडं?"

"नाय, कोण नाय दिसत." तो पुन्हा झाडू लागला, मघाशी झाडून झालेलीच जागा.

ॲनाला ते दिसलं. ती पिशवी टाकून परत आली खरी, पण चहा करतानाही तो थांबलेला झाडू तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

त्या संध्याकाळी ती जिन्यातला दिवा न लावता खिडकीशी उभी राहिली. हेन्री ड्यूटीवर होता. लॉरा खालून विचारत होती, "मम्मा, आर यू स्पायिंग ऑन पीपल?" ॲनानं तिला गप्प बसायची खूण केली. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहायचं, याची तिला लाज वाटत होती. तरी ती हलली नाही.

अजान झाली. अंधार दाटला. आणि अंगणात चिटपाखरू नसताना तो दिवा भक्कन लागला. तिनं काच सरकवली. बाहेरची दमट, उकडलेली हवा तोंडावर आली. खाली जाळी हलत होती, एसी घुरघुरत होता आणि कुणीही नव्हतं. दिवा विझला.

ती मागे वळणार तेवढ्यात बोळातलं फाटक कुरकुरलं. एक माणूस आत आला. चालण्यावरून तिनं ओळखलं, दौलत. तो सरळ भिंतीकडेनं स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला आणि सज्जाखाली दिसेनासा झाला. बराच वेळ तिथं होता. मग बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काहीतरी होतं, वरून टॉवेल टाकलेलं, जड. ते सांभाळत तो फाटकातून निघून गेला.

दिवा लागला नाही. दौलत त्याच्या पुढ्यातून दोनदा गेला आणि दिवा लागला नाही.

ॲना जिन्याच्या पायरीवर बसली. माणूस नसताना लागतो आणि माणूस असताना लागत नाही, तर हा दिवा कसला? की दौलतनंच त्याचं काही करून ठेवलंय? पण ते पुढचं. दौलत तोंडावर खोटं बोलला होता, एवढं तरी नक्की होतं. आणि टॉवेलाखाली काय होतं?

सकाळी ती ममताची किल्ली घेऊन गेली. घर गार होतं, डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडलेला. ती खोल्याखोल्यांतून फिरली. टीव्ही जागेवर. देवघरातली चांदीची समई जागेवर. कपाटं बंद. मागच्या दाराची आतली कडी घातलेली. सगळं होतं तसंच होतं. पण काय काय होतं हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? दुसऱ्याच्या घरातून एखादी वस्तू गेली तर ती रिकामी जागा आपल्याला दिसत नाही. ती कडी काढून बाहेर आली. दारापुढचं पायपुसणं ओलं होतं. झाडांच्या कुंड्या पार पलीकडे होत्या आणि पायपुसणं ओलं होतं.

परत येताना फाटकाशी यहयाची पांढरी गाडी उभी होती. तो मीटर बघायला आला होता. दौलत त्याच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून उभा.

"हॅलो मॅडम! सब ठीक? कोई प्रॉब्लेम?" यहयानं आपल्या आखाती हिंदीत विचारलं.

ॲनानं दौलतकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"नहीं, सब ठीक है."

"प्रॉब्लेम होगा तो बोलना. ये आदमी काम नहीं करेगा तो दूसरा आएगा. बहुत आदमी है. खलास." यहया हसत दौलतच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला, जणू काही दौलतचं कौतुकच चाललं होतं.

घरी आल्यावर ॲनानं हेन्रीला सगळं सांगितलं. तो नुकताच उठला होता.

"टॉवेलाखाली काय, ते विचार ना त्याला सरळ."

"आणि पुन्हा खोटं बोलला तर?"

"मग पुन्हा विचार. तू तर पोलिसात जायला हवं होतंस, उगाच शाळेत गेलीस." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "मला इतकंच वाटतं ॲना, आधी दिव्याचं बघ. दिवा खोटा की माणूस खोटा. दोन्ही एकदम धरून बसलीस तर काहीच हाती लागायचं नाही."

हे तिला पटलं. शाळेत मुलांना ती हेच सांगे: एका वेळी एकच गोष्ट बदला.

शनिवारी संध्याकाळी अजान झाल्यावर ती लॉराला घेऊन ममताच्या मागच्या अंगणात गेली. एसी अजून सुरू झाला नव्हता. अंगण काळोखं आणि तापलेलं.

"चाल त्याच्यासमोरून. भिंतीपासून भिंतीपर्यंत."

लॉरा चालली. दिवा लागला नाही. हात हलवले, उड्या मारल्या. काही नाही. "मम्मा, इट हेट्स मी."

ॲना दिव्यासमोरच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी गेली आणि तिनं तळहात टेकवला. ती भिंत दुपारभर पश्चिमेचं ऊन खात असे. आता सूर्य बुडाला तरी ती ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागत होती. ॲनानं तोच हात लॉराच्या गालावर ठेवला. दोन्हींत काही फरक नव्हता.

"इथंच थांब," ती म्हणाली आणि घरी जाऊन फ्रीझरमधलं मटारचं पाकीट घेऊन आली. "हे धर पोटाशी आणि पुन्हा चाल."

लॉरा मटार धरून दोन पावलं चालली असेल नसेल, दिवा भक्कन लागला.

"व्हॉट द—"

"हा दिवा माणसाला बघतच नाही," ॲना म्हणाली. "तो गरम-थंडातला फरक बघतो. समोरच्या भिंतीपेक्षा काही गरम किंवा गार पुढून सरकलं की त्याला वाटतं माणूस आला. फेब्रुवारीत भिंत गार होती, म्हणून तुझे रामेश्वरअंकल नाचले की लागायचा. आता भिंतच तुझ्याइतकी गरम आहे."

"सो आय ॲम अ वॉल."

"त्याच्या हिशेबी, हो."

तेवढ्यात डोक्यावर खटका झाला. ममतानं जाताना लावलेल्या टायमरवर एसी सुरू झाला. दिव्याच्या शेजारीच लोखंडी चौकटीवर त्याचं बाहेरचं युनिट बसवलेलं होतं. पंखा फिरला, भट्टीसारखा झोत समोरच्या हिरव्या जाळीवर आदळला, जाळी फडफडली, आणि मघाशी विझलेला दिवा पुन्हा लागला. दोघी त्यापासून दूर, दाराच्या आडोशाला उभ्या होत्या.

म्हणजे रोज संध्याकाळी नाशिकला ममताच्या मोबाइलवर येत होता तो तिच्याच एसीचा वारा. बुरशी लागू नये म्हणून लावलेला टायमर आणि चोर येऊ नये म्हणून लावलेला दिवा. दोघं एकमेकांना खेळवत होते. घरी असताना ममता मोबाइलवरच्या सूचना बंदच ठेवी, म्हणून हे कधी कळलं नव्हतं.

ॲनाला हलकं वाटलं. ते पुरतं वाटून होतं न होतं तोच फाटक कुरकुरलं.

दौलत आत आला आणि त्या दोघींना पाहून जागच्या जागी थिजला. हातात निळी प्लास्टिकची बादली, रिकामी. खांद्यावर टॉवेल.

एसीच्या नळीतून पाणी ठिबकायला लागलं होतं, दाराशेजारच्या फरशीवर, पायपुसण्याच्या कडेला.

"संध्याकाळी काय काम म्हणालास ना?" ॲना म्हणाली.

त्यानं बादली खाली ठेवली. "पाणी, मॅडम."

"कसलं पाणी?"

"हाच. एसीचा." त्यानं नळीकडे हनुवटीनं दाखवलं. "माज्या खोलीचा नळ वरच्या टाकीवर हाय. दिवसभर उन्हात टाकी. रात्रीपण अंगावर घेतला तर चामडी सोलते. हा गार असतो. कालचा पिंपात साठवलेला आन आजचा मिळून आंघोळ होते एक."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"आधीचा मानूस नळाच्या पान्यावरनं गेला ना." तो अजूनही बादलीकडेच बघत होता. "मागं जातो एवडा बोललो असतो, मॅडम, तर पुडचा कोन ऐकून घेतो?"

ॲनानं नळीखालच्या ओल्या फरशीकडे पाहिलं, पायपुसण्याकडे पाहिलं. सगळं जुळत होतं. अगदी व्यवस्थित जुळत होतं, आणि त्यामुळेच की काय, तिच्या मनात पुन्हा काहीतरी टोचलं. त्या दिवशी टॉवेलाखाली बादलीच होती का? अंधार होता. जड होतं एवढं तिनं पाहिलं होतं. गोल होतं की चौकोनी, हे ती सांगू शकली नसती. जे सगळं जुळतं ते खरंच असतं असं थोडंच आहे?

"खोली दाखव तुझी," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. लॉरानं तिच्याकडे चमकून पाहिलं. दौलत पुढे झाला, त्या दोघी मागोमाग गेल्या. फाटकालगतच्या खोलीचं कुलूप त्यानं काढलं, दिवा लावला आणि स्वतः बाहेरच थांबला.

आत पलंग, एक शेगडी, दोरीवर कपडे, खिळ्याला गणपतीचं कॅलेंडर, कोपऱ्यात पाण्याचं एक पिंप. उशाशी बायकोचा आणि मुलीचा फोटो. ॲना उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. तेवढ्यात दौलतनं बाहेरूनच हात घालून पलंगावरची चादर वर केली, म्हणजे तिला खालची पत्र्याची पेटी दिसावी. मग पेटीची कडीही काढली. आत घडी घातलेले शर्ट होते, दोन नवीन साड्या, दुकानाच्या पिशवीतच, आणि लहान मुलीचे चमकीचे बूट.

"पुरे," ॲना म्हणाली. "पुरे, दौलत."

घरी परतताना लॉरा कधी नव्हे ती मराठीत बोलली. "मम्मा, कशाला बघितलंस?"

"खात्री करायला."

"अँड?"

ॲना दाराचं कुलूप काढू लागली.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिनं ममताला फोन लावला. काय सांगायचं ते तिनं मनात नीट मांडून ठेवलं होतं: आधी दिवा, मग भिंत, मग एसी. ममतानं ऐकून घेतलं. मागून रामेश्वरचा आवाज येत होता, "अरे, चांगल्या कंपनीचा आहे तो, असं कसं होईल?"

"मटार घेऊन चालली तेव्हा लागला," ॲना म्हणाली. "मी उद्या एसीचा टायमर बंद ठेवते, तू मोबाइलवर बघ हवं तर. दिवा लागणार नाही."

"म्हणजे माणूस आला तरी लागणार नाही?"

"या दिवसांत, संध्याकाळी, बहुतेक नाही."

"अगं मग हे तर आणखीच वाईट झालं!" ममता म्हणाली. "म्हणजे कुणी येत नाही असं थोडंच ठरलं यावरून? येत असेल आणि दिसत नसेल." मग ती एकदम थांबली. "ते सेन्सरचं राहू दे, ॲना. मला तेवढं काही कळत नाही. दौलत संध्याकाळी माझ्या मागच्या दारी जातो की नाही, एवढं सांग."

ॲनानं खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकाशी दौलत कुणाच्या तरी गाडीला जागा करून देत होता. जातो म्हटलं की ममताला तेवढंच ऐकू येणार होतं. पाणी, टाकी, आधीचा माणूस, हे सगळं त्यानंतर बोलावं लागलं असतं, आणि तोवर तिनं यहयाचा नंबर काढलेला असता. नाही म्हटलं असतं तर ते साफ खोटं होतं.

"जातो," ती म्हणाली. "मीच सांगितलंय त्याला. एसीचं पाणी फुकट जातं तुझ्या, ते न्यायला. आंघोळीला होतं त्याच्या."

"तू सांगितलंस? मला न विचारता?"

"हो. विचारायला हवं होतं. चुकलंच."

"कधीपासून जातोय?"

"तू गेलीस तेव्हापासून."

"मग मी पहिल्या दिवशी फोन केला," ममता सावकाश म्हणाली, "तेव्हा हे का नाही बोललीस? मांजर म्हणालीस."

इतकी साधी गोष्ट ॲनाच्या लक्षात आली नव्हती.

"सुचलं नाही तेव्हा."

"तुला सुचलं नाही?" ममता हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "बरं. असू दे. यहयाला नाही करत फोन, तू म्हणतेस तर. आणि हे बघ, आमच्या रामेश्वरचा एक मित्र आहे, नीरव, तिथंच शारजात, रोल्लाला राहतो. तो येऊन किल्ली घेऊन जाईल तुझ्याकडून. तुला उगाच कशाला धावपळ."

"धावपळ कसली? शेजारी तर आहे."

"तरी पण," ममता म्हणाली.

नीरव त्याच दिवशी आला. भला मुलगा होता, दारातच उभा राहून थँक्यू म्हणाला, पाणी नको म्हणाला. ॲनानं त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. तो गेल्यावर हेन्री म्हणाला, "चला, एक काम कमी झालं," आणि तिला त्याचा राग आला, कारण तो तिला बरं वाटावं म्हणून बोलला होता.

संध्याकाळी ती दौलतला भेटायला फाटकाशी गेली. "ममतामॅडमशी बोललेय मी. मीच तुला पाणी न्यायला सांगितलं, असं सांगितलंय. कुणी विचारलं तर तूही तेच सांग."

"बरं," तो म्हणाला. पण तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला, आणि ॲनाला वाटलं की त्याला फोनवरचं सगळं संभाषण शब्दन्‌शब्द कळलंय.

अजान झाली. ती घरी येऊन खिडकीशी गेली. खरं म्हणजे आता तिथं जायचं कारण नव्हतं. पलीकडे एसी सुरू झाला, रिकाम्या अंगणात दिवा लागला आणि विझला. मग फाटक उघडून दौलत आत आला, आज चोरट्या पावलांनी नाही, सरळ. सज्जाखाली गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. बादलीवर टॉवेल होताच.

अंगणाच्या मध्यावर तो थांबला. त्यानं वर जिन्याच्या खिडकीकडे पाहिलं. आत अंधार होता, तरी ॲना तिथं असणार हे त्यानं गृहीतच धरलं होतं. त्यानं टॉवेल काढून खांद्यावर टाकला, दोन्ही हातांनी बादली उचलली आणि तिला आतलं दिसावं अशी हळूच तिच्याकडे तिरकी केली. पाणी काठापर्यंत आलं, थोडं सांडलं.

याची काही गरज नाही, असं तिला काच सरकवून सांगता आलं असतं. तिचा हात काचेवर गेलाही. पण आधी तिनं बादलीत नीट पाहून घेतलं.